लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे

सोलापूर जिल्ह्यांतील बहुतेक गांवांच्या शिवारांत दोन खांबांमध्यें बसविलेली एक लोखंडी पेटी दिसते. लोक तिला डीपी म्हणतात. ती जळाली म्हणजे डाळिंबाच्या बागेचें पाणी थांबतें, पिठाची गिरणी बंद पडते, आणि ती दुरुस्त होईपर्यंत गांवांत दुसरा विषय निघत नाहीं. परंतु त्या पेटीच्या पोटांत काय आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. लोखंडाचा गाभा, त्याभोंवतीं तारेचीं वेटोळीं आणि तेल, याखेरीज तिच्यांत विशेष कांहीं नाहीं. त्या तऱ्हेचें पहिलें साधन १८३१ सालीं लंडन शहरांत एका लोहाराच्या मुलानें आपल्या हातानें तार गुंडाळून तयार केलें. त्याचें नांव मायकेल फॅरडे. वीज म्हणजे काय व ती माणसाच्या कामीं कशी येते, हें ज्यांस शिकावयाचें आहे त्यांनीं त्याचें चरित्र पाहावें. कारण तो स्वतः मुळाक्षरांपासून शिकला आणि त्याच क्रमानें आपल्यासही शिकतां येतें.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स येथें झाला. बाप जेम्स हा लोहारकाम करी. तो उत्तरेकडील खेड्यांतून पोटासाठीं राजधानीस आला होता. पण प्रकृति अशक्त असल्यामुळें त्याच्या हातून काम नियमित होत नसे. घरांत चार मुलें. १८०१ सालीं धान्य अतिशय महाग झालें, तेव्हां मायकेलच्या वांट्यास आठवड्यास एक पाव येई व तोच त्यास आठवडाभर पुरवावा लागे. लिहिणें, वाचणें व थोडें गणित एवढीच त्याची शाळा. हें कुटुंब सँडेमेनियन नांवाच्या एका लहानशा मंडळीचें होतें. स्कॉटलंडांत अठराव्या शतकांत निघालेल्या या मंडळींत पगारी पाळक नसत. सभासदांतूनच वडील निवडीत, आणि धन सांठविणें अयोग्य मानीत. या शिक्षणाची छाप मायकेलवर जन्मभर राहिली, हें पुढें दिसून येईल.

तेराव्या वर्षीं तो रीबो नांवाच्या पुस्तकबांधणी करणाऱ्या दुकानदाराकडे निरोप्या म्हणून राहिला आणि पुढील वर्षीं, १८०५ सालीं, सात वर्षांच्या उमेदवारीवर तेथेंच लागला. पुस्तकें शिवतां शिवतां तो तीं वाचूं लागला. ब्रिटानिका ज्ञानकोशाचा एक खंड बांधावयास आला असतां त्यांतील विजेवरील लेख त्याच्या दृष्टीस पडला. बाई जेन मार्सेट यांनीं संवादरूपानें लिहिलेलें रसायनावरील पुस्तकही त्यानें असेंच वाचलें, आणि त्या बाईंचा मान तो थोर झाल्यावरही राखीत असे. वाचलेलें खरें कीं खोटें हें स्वतः करून पाहिल्यावांचून त्यास चैन पडत नसे. टेटम नांवाचे एक गृहस्थ सायंकाळीं शास्त्रीय विषयांवर व्याख्यानें देत. प्रवेशास एक शिलिंग पडे. तो शिलिंग थोरला भाऊ रॉबर्ट देई. रॉबर्टही बापाप्रमाणें लोहारच. धाकट्याच्या विद्येसाठीं थोरल्यानें ऐरणीवर मिळविलेला पैसा खर्च करावा, ही गोष्ट आपल्याकडील घरांतही अनोळखी नाहीं.

१८१२ सालच्या उन्हाळ्यांत, उमेदवारी संपत आली असतां, मायकेलनें विजेचा एक लहानसा ढीग तयार केला. त्याचें सामान ऐकण्याजोगें आहे : तांब्याचीं सात अर्धपेनी नाणीं, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या, आणि मिठाच्या पाण्यांत भिजविलेले कागदाचे सहा तुकडे. एक नाणें, त्यावर जस्ताची चकती, मग ओला कागद, पुन्हां नाणें, अशी त्यानें उतरंड रचली. इटलींतील व्होल्टा यांनीं ही युक्ति १८०० सालीं प्रसिद्ध केली होती. या ढिगाच्या दोन्ही टोकांस तारा लावून मायकेलनें त्या एका क्षाराच्या द्रावणांत बुडविल्या, तों द्रावणाचें पृथक्करण होऊं लागलें. एवढ्याशा साधनानें हें घडतें हें पाहून त्यानें मित्रास हर्षभरित पत्र लिहिलें.

येथें थोडें थांबून ही उतरंड नीट समजून घेतली पाहिजे. दोन निराळ्या धातु आणि त्यांमध्यें खारट किंवा आंबट ओलावा, एवढें जमलें कीं एका धातूकडून दुसरीकडे वीज ढकलण्याचा जोर उत्पन्न होतो. या जोरास विजेचा दाब म्हणतात, आणि व्होल्टा यांच्या नांवावरून तो व्होल्ट या मापानें मोजतात. तांबें व जस्त यांच्या साध्या जोडीचा दाब एक व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतो. जोड्या एकीवर एक रचल्या म्हणजे त्यांचे दाब मिळतात. म्हणून सात नाण्यांनीं जें झालें तें एकानें झालें नसतें. टॉर्चमध्यें दोन किंवा तीन सेल एकापुढें एक घालतात त्याचेंही कारण हेंच. प्रत्येक सेल दीड व्होल्टचा. तीन मिळून साडेचार.

दाब एक आणि प्रवाह दुसरा. ठिबकाची टांकी जितकी उंच बांधावी तितका नळींत पाण्याचा दाब अधिक, तो दाब. त्या नळींतून क्षणाक्षणाला किती पाणी जातें, तो प्रवाह. विजेचा प्रवाह अँपियर या मापानें मोजतात. नळी बारीक व लांब असेल तर पाणी कमी येतें, तसा बारीक व लांब तारेंतून वीजप्रवाहही कमी येतो. हा झाला रोध. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट, रोध दुप्पट केला तर प्रवाह निम्मा, हा नियम जर्मनींतील शाळामास्तर ओहम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केला, आणि त्यांच्या देशबांधवांनीं प्रथम त्याची उपेक्षाच केली. पाण्याचा हा दृष्टांत मात्र फार ताणूं नये. नळी कापली तर पाणी बाहेर सांडतें. तार कापली तर वीज सांडत नाहीं, ती वाहावयाचीच थांबते. सेलच्या एका टोकाकडून निघून दिव्यांतून जाऊन दुसऱ्या टोकाकडे परत येण्यास अखंड वाट असली तरच ती वाहते. या अखंड वाटेस मंडल म्हणतात. दिव्याचें बटण म्हणजे ही वाट तोडण्याची व जोडण्याची सोय, दुसरें कांहीं नाहीं.

ज्या मुलांस मायकेलप्रमाणें करून पाहावेंसें वाटेल त्यांनीं लिंबांत तांब्याची सोललेली तार व जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खोंचावा, आणि अशीं चार पांच लिंबें ओळीनें जोडून अगदीं लहान एलईडी दिवा लावून पाहावा. लागला नाहीं तर त्याच्या तारा उलट करून लावाव्या. तो दिवा एकाच बाजूनें वीज घेतो. भिंतींतील विजेशीं मात्र खेळ करूं नये. तिचा दाब २३० व्होल्ट असतो आणि ती माणसाचा जीव घेते. लिंबें झाल्यावर खाऊं नयेत, हेंही सांगून ठेवितों.

त्याच वर्षीं दुकानांत येणाऱ्या एका गिऱ्हाइकानें मायकेलास रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत होणाऱ्या सर हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. त्यानें तीं व्याख्यानें उतरून घेतलीं, आकृत्या काढल्या, स्वतः त्यांचें पुस्तक बांधलें, आणि नोकरीची विनंति करून तें डेव्हीसाहेबांकडे पाठविलें. पुढें तेथील एका नोकरास मारामारीबद्दल काढून टाकण्यांत आलें, आणि १ मार्च १८१३ रोजीं मायकेल फॅरडे आठवड्यास पंचवीस शिलिंग पगार व माळ्यावरील दोन खोल्या यांवर प्रयोगशाळेंत मदतनीस झाला. त्याच वर्षाच्या शरदांत डेव्ही सपत्नीक युरोपच्या प्रवासास निघाले, तेव्हां त्यांनीं त्यास बरोबर घेतलें. या प्रवासांत त्यास शास्त्रज्ञांचा सहवास लाभला, मिलानमध्यें वृद्ध व्होल्टांचें दर्शनही झालें. परंतु डेव्हीबाईंनीं त्यास घरगड्याप्रमाणें वागविलें, आणि तो अपमान त्यास फार लागला. एकदां तर सर्व सोडून परत जाऊन पुस्तकेंच बांधावीं असें त्याच्या मनांत आलें. तो परतला नाहीं, हें आपलें भाग्य.

१८२० सालीं डेन्मार्कचे ओर्स्टेड यांस असें आढळलें कीं, तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई वळते. याचा अर्थ, वीज आणि लोहचुंबक यांचें कांहीं नातें आहे. पुढील वर्षाच्या सप्टेंबरांत फॅरडे यांनीं पाऱ्याच्या भांड्यांत लोहचुंबक उभा केला, वरून एक तार लोंबती सोडली आणि तींतून प्रवाह सोडतांच ती तार चुंबकाभोंवतीं गरगर फिरूं लागली. विजेच्या प्रवाहानें सतत फिरणारी ही पहिली वस्तु. सोलापुरांत चादरी विणणारे यंत्रमाग ज्या मोटारीनें चालतात, विहिरीवरचा पंप ज्या मोटारीनें चालतो, त्यांच्या वंशाचा मूळपुरुष हाच. (पारा विषारी आहे, हा प्रयोग घरीं करूं नये.)

या आनंदास लागलीच गालबोट लागलें. वॉलस्टन या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञांच्याही मनांत तारेच्या फिरण्याविषयीं एक कल्पना होती. फॅरडे यांनीं घाईनें आपला लेख छापावयास दिला आणि त्यांत वॉलस्टनांचा उल्लेख केला नाहीं. त्यांनीं दुसऱ्याची कल्पना चोरली, अशी कुजबुज लंडनांत सुरू झाली. वस्तुतः वॉलस्टनांची कल्पना तार स्वतःच्याच आंसाभोंवतीं फिरावी अशी होती, आणि तो प्रयोग साधलाही नव्हता. पण उल्लेख राहिला ही चूक खरीच. फॅरडे स्वतः वॉलस्टनांकडे गेले व त्यांनीं आपली बाजू मांडली. वॉलस्टनांनीं राग धरला नाहीं. डेव्हींचें मन मात्र कलुषित झालें, आणि १८२४ सालीं रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं फॅरडे यांचें नांव निघालें तेव्हां ज्यांनीं त्यांस वर आणिलें त्या गुरूंनींच विरोध केला. एक विरुद्ध मत पडून ते निवडून आले. गुरूंविषयीं त्यांनीं पुढेंही वावगा शब्द काढला नाहीं.

याच १८२१ सालीं जून महिन्यांत त्यांचा विवाह सेरा बर्नार्ड यांच्याशीं झाला, आणि थोड्याच दिवसांत त्यांनीं सँडेमेनियन मंडळीसमोर आपल्या विश्वासाची कबुली देऊन तिचें सभासदत्व घेतलें. दांपत्यास मूल झालें नाहीं. संसार अत्यंत सुखाचा झाला.

आतां मुख्य गोष्ट. विजेनें जर लोहचुंबकत्व उत्पन्न होतें, तर लोहचुंबकानें वीज कां उत्पन्न होऊं नये? हा प्रश्न फॅरडे यांच्यापुढें दहा वर्षें उभा होता. त्यांनीं अनेक वेळां प्रयोग केले आणि प्रत्येक वेळीं कांहींच घडलें नाहीं. अखेर २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यांनीं मऊ लोखंडाचें सहा इंच व्यासाचें कडें घेतलें. त्याच्या एका अंगास तांब्याच्या तारेचें एक वेटोळें व दुसऱ्या अंगास दुसरें गुंडाळलें. त्या काळीं रोधक वेष्टणाची तार विकत मिळत नसे. तारेचा फेरा फेऱ्यास लागूं नये म्हणून त्यांनीं मध्यें दोरा घातला आणि थरांमध्यें कापड घातलें. आणि तें कापड कोणतें, तर कॅलिको, म्हणजे आपलें मांजरपाट. या कापडाचें इंग्रजी नांव मलबारच्या कालिकतवरूनच पडलें आहे. विणकरांच्या सोलापुरास हें ऐकून संतोष वाटावा.

एका वेटोळ्यास विजेचा ढीग जोडला, दुसऱ्यास सुईजवळून जाणारी तार. प्रवाह सुरू करतांच सुई हालली. पण लगेच जागेवर येऊन स्वस्थ बसली. प्रवाह वाहतच होता, तरी ती हालेना. मग प्रवाह तोडला, आणि त्या क्षणीं ती पुन्हां हालली, उलट दिशेस. दहा वर्षें जें चुकत होतें तें येथें सांपडलें. लोहचुंबकत्व नुसतें असून भागत नाहीं. तें बदललें पाहिजे. वाढतांना किंवा घटतांनाच तें शेजारच्या तारेंत वीज उठवितें. स्थिर चुंबकाशेजारीं तार कितीही काळ ठेविली तरी कांहीं होणार नाहीं. ऑक्टोबरांत त्यांनीं कागदाच्या पोकळ नळीवर तार गुंडाळून तींत साधा लोहचुंबक खुपसला व ओढून काढला, आणि प्रत्येक हालचालीसरशी सुई हालली. त्याच महिन्याच्या अखेरीस मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्यें तांब्याची तबकडी फिरवून त्यांनीं अखंड प्रवाह मिळविला. चुंबकाच्या साह्यानें वीज निर्माण करणारें पहिलें यंत्र तें हेंच. अमेरिकेंत जोसेफ हेन्री यांनींही स्वतंत्रपणें हेंच तत्त्व शोधलें होतें, हें सांगणें न्यायाचें आहे. प्रसिद्धि फॅरडे यांनीं आधीं दिली.

आतां गांवच्या डीपीकडे पाहावें. तिच्यांतही दोन वेटोळीं आहेत. एकांत ११,००० व्होल्टची वीज येते, दुसऱ्यांतून घरांस व पंपांस सोसेल एवढ्या दाबाची निघते. दोन्ही वेटोळ्यांचा तारेनें संबंध नाहीं; मध्यें दुवा केवळ लोखंडांतील बदलत्या चुंबकत्वाचा. फेरे जितके कमी, तितका दाब कमी. आणि चुंबकत्व सतत बदलत राहावें म्हणून आपली वीज एका सेकंदांत पन्नास वेळां पुढें मागें होणारी ठेविली आहे. सेलची एकाच दिशेनें वाहणारी स्थिर वीज डीपींतून पार होणार नाहीं; तिची सुई, फॅरडे यांच्या सुईप्रमाणें, एकदां हालून थांबेल. दाब चढवून नेल्यास त्याच कामास प्रवाह कमी लागतो आणि तारा कमी तापतात, म्हणून लांबच्या वाटेस वीज मोठ्या दाबानें नेतात. सोलापुराहून रायचूरकडे जाणारी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजीं सुरू झाली, तेव्हां दक्षिण भारताचें वीजजाळें उर्वरित देशाच्या जाळ्याशीं एका ठेक्यांत जोडलें गेलें. तो सांधा आपल्या जिल्ह्यांतून जातो.

एवढ्या शोधानंतर द्रव्य मिळविणें फॅरडे यांस अवघड नव्हतें. कारखानदार व न्यायालयें त्यांचा सल्ला घेत व चांगली फी देत. परंतु या कामानें संशोधनाचा वेळ जातो हें पाहून त्यांनीं तें बहुतेक सोडून दिलें आणि वर्षास शंभर पौंड, राहावयास जागा, कोळसा व मेणबत्त्या एवढ्यावर संस्थेंत राहिले. १८३५ सालीं सरकारानें त्यांस पेन्शन देऊं केलें. पण प्रधान मेलबर्न यांनीं भेटींत शास्त्रज्ञांच्या पेन्शनाविषयीं तुच्छतेचे उद्गार काढले, तेव्हां त्यांनीं तें नाकारलें. प्रधानांनीं दिलगिरी दर्शविल्यावरच वार्षिक तीनशे पौंडांचा स्वीकार झाला. सरदारकीचा किताब त्यांनीं घेतला नाहीं आणि रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदही दोन वेळां नाकारलें.

दर रविवारीं ते आपल्या मंडळींत असत, आजाऱ्यांस भेटत, आणि १८४० पासून वडील म्हणून उपदेशही करीत. १८४४ सालीं मात्र त्याच मंडळीनें त्यांस कांहीं आठवडे वगळलें. राणीच्या घरीं रविवारीं जेवल्यामुळें असें झालें, ही कथा लोक सांगतात. तिला आधार नाहीं. त्या वेळीं मंडळींत शिस्तीवरून मोठा वाद होऊन पुष्कळ सभासद एकदम वगळले गेले, त्यांत तेही होते. जगांतील विद्वत्सभा ज्यास मान देत होत्या त्या मनुष्यानें त्या मूठभर लोकांचा निर्णय निमूटपणें सोसला आणि परत घेतल्यावर पूर्वीच्याच बाकावर जाऊन बसला. वडीलपण मात्र त्यांस पुन्हां मिळावयास १८६० साल उजाडलें. या प्रसंगाचा त्यांस किती ताप झाला असेल याची कल्पना, ज्यांनीं लहान मंडळींतील तंटे पाहिले आहेत, त्यांस सहज येईल.

त्यांचा एक प्रयोग शेतकऱ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावा. १८३६ सालीं त्यांनीं बारा फूट लांब, रुंद व उंच असा लांकडी सांगाडा करून तो तारांनीं व धातूच्या वर्खानें मढविला, आणि त्यावर मोठ्या यंत्रानें वीज सोडली. बाहेर ठिणग्या उडत असतां ते स्वतः आंत बसले होते. आंत विजेचा मागमूस नव्हता. धातूच्या बंद वेष्टणावर आलेली वीज बाहेरच्या बाहेर राहते. वळवाच्या पावसांत वीज कडाडूं लागली तर पत्र्याच्या बंद मोटारींत बसलेला मनुष्य पुष्कळसा सुरक्षित असतो तो यामुळेंच. झाडाखालीं उभा राहणारा मात्र मोठ्या धोक्यांत असतो, आणि दरवर्षीं चैत्र वैशाखांत आपल्याकडे किती माणसें व जनावरें त्या सांवलीखालीं दगावतात हें सर्वांस माहीत आहे.

गणित त्यांस फारसें येत नसे. चुंबकाभोंवतीं लोखंडाचा कीस पसरला असतां ज्या रेषा उमटतात त्या केवळ चित्र नसून त्या जागेंत खरोखर कांहीं आहे, असें ते मानीत. पुष्कळ गणिती त्यावर हसले. क्लार्क मॅक्सवेल या तरुणानें त्या रेषांस गणिताचें रूप दिलें, तेव्हां हसणें थांबलें. त्याच समीकरणांतून पुढें बिनतारी लहरींचा शोध निघाला.

मुलांसाठीं नाताळांत त्यांनीं एकोणीस वेळां व्याख्यानमाला दिल्या. त्यांपैकीं मेणबत्तीवरील सर्वांत प्रसिद्ध आहे. १८३६ पासून ते दीपगृहांच्या मंडळाचे शास्त्रीय सल्लागार होते. साउथ फोरलंड येथील दीपगृहांत विजेचा दिवा लावून पाहत होते, आणि तो चालविणारें यंत्र त्यांच्याच १८३१ सालच्या तत्त्वावर केलेलें होतें. १८६० च्या फेब्रुवारींत, वय अडुसष्ट असतां, ते तो दिवा तपासावयास निघाले. बर्फानें रस्ते बुजले होते. पहिल्या खेपेस परतावें लागलें. त्याच आठवड्यांत ते पुन्हां गेले, आणि कुंपणें व भिंती ओलांडून, शेतांतून चालत दिव्यापाशीं पोंचले.

स्मरणशक्ति त्यांस फार पूर्वीपासून दगा देत होती. अखेरच्या वर्षांत ती जवळजवळ गेली. राणी व्हिक्टोरिया यांनीं हॅम्पटन कोर्ट येथें दिलेल्या घरांत, २५ ऑगस्ट १८६७ रोजीं, खुर्चींत बसले असतांच त्यांनीं शांतपणें देह ठेविला. हायगेटच्या स्मशानभूमींत, राष्ट्रीय चर्चबाहेरील लोकांसाठीं राखलेल्या भागांत, त्यांस पुरलें. दगडावर नांव आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत. सेराबाई बारा वर्षांनीं, १८७९ सालीं वारल्या. त्यांसही तेथेंच ठेविलें.